आतल्या खोलीत नेट सारखं तुटतंय: पॉवरलाइन घ्यायचं की वायफायच नीट करायचं?

बहुतेक घरांत तक्रार सारखीच असते. फायबरचा डबा मुख्य दाराजवळ बसवलेला, कारण डक्टमधून केबल तिथूनच आत येते. हॉलमध्ये स्पीड टेस्ट झकास. शेवटच्या बेडरूममध्ये मात्र व्हिडिओ कॉलचा आवाज तुटतो, टीव्हीवरचं चक्र फिरत राहतं, आणि राउटर बंद करून चालू केला की तासभर बरं चालून पुन्हा तेच. मग कुणी रिपीटर (सिग्नल पुढे फेकणारा डबा) घ्यायला सांगतं, कुणी मेश (घरभर ठेवलेले, एकमेकांशी बोलणारे वायफायचे नोड), कुणी थेट विजेच्या सॉकेटमधून नेट नेणारं पॉवरलाइन अडॅप्टर. यातली एकही वस्तू वाईट नाही. पण पॉवरलाइनचा निकाल तुमच्या घरातल्या वायरिंगवर ठरतो, अडॅप्टरच्या खोक्यावर छापलेल्या आकड्यावर नाही. म्हणून पैसे खर्च करण्याआधी पुढच्या तपासण्या या क्रमाने करा.

## आधी तुटतंय कुठे ते पकडा

‘नेट गेलं’ म्हणताना तीन वेगळे बिघाड एकाच नावाने सांगितले जातात: बाहेरून येणारी लाइन, खुद्द राउटर, आणि राउटरपासून तुमच्या खोलीपर्यंतचा टप्पा. पॉवरलाइन, मेश, रिपीटर हे सगळे फक्त तिसऱ्यावरचे इलाज आहेत. पहिले दोन बिघाड असतील तर कितीही महागडं उपकरण आणा, तक्रार तशीच राहील.

त्रास होतो त्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसा. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला सतत पिंग लावा (पिंग म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं; बहुतेक राउटरांचा पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, विंडोजवर शेवटी वजा-टी लिहिलं की पिंग थांबवेपर्यंत चालू राहतं). दुसरीत ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला. ज्या वेळी नेट हमखास तुटतं त्या वेळी दोन्ही तासभर चालू ठेवा आणि आकडे बघा.

राउटरचा आकडा २ ते १० मिलिसेकंदांत स्थिर आहे आणि फक्त बाहेरचा उसळतोय किंवा टाइमआउट होतोय, तर घरातलं नेटवर्क ठीक आहे. नेटवाल्याकडे तक्रार करा. त्याआधी एक बघा: मोबाइलचे फोटो क्लाउडवर चढत असतील किंवा सीसीटीव्हीचं चित्रण अपलोड होत असेल, तर अपलोडची वाट भरून जाते आणि बाहेरचं पिंग शेकड्यांत जातं. अपलोड थांबवल्याबरोबर आकडा खाली आला, तर राउटरमधल्या क्यूओएसमध्ये (कशाला किती वेग द्यायचा ते ठरवणारी सोय) अपलोडला मर्यादा घाला.

दोन्ही आकडे एकदमच उसळत असतील, तर बिघाड खोलीपर्यंतच्या टप्प्यात असू शकतो. खात्री करायला लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि तोच प्रयोग करा. केबलवरही राउटरचं पिंग तुटलं, तर राउटर अडकतोय किंवा मध्येच रीस्टार्ट होतोय. राउटरच्या पानावर ‘अपटाइम’ दिसतो. कुणी हात न लावता तो शून्यापासून सुरू झालेला दिसला, तर बहुतेक वेळा १२ व्होल्टचा अडॅप्टर थकलेला असतो. तेवढाच व्होल्टेज आणि तेवढाच किंवा जास्त अँपिअर असलेला अडॅप्टर लावून बघा.

केबलवर सगळं स्वच्छ आणि खोलीत वायफायवर तुटतंय, असं पक्कं झालं तरच पुढे वाचा.

## फुकटात किंवा जवळपास फुकटात सुटणारा भाग

अँड्रॉइडवर वायफाय अॅनालायझर प्रकारचं कुठलंही अॅप घेऊन खोली-खोलीत सिग्नल मोजा. आकडा उणे डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीचं माप) येतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७पर्यंत व्हिडिओ कॉल निर्धोक, उणे ७०च्या पुढे कुरबूर सुरू, आणि उणे ८०ला नाव दिसतं पण काम होत नाही. मोबाइलच्या कोपऱ्यातल्या दांड्यांवर जाऊ नका.

राउटर कुठे ठेवलाय याला लोक फार कमी महत्त्व देतात. चपलांच्या कपाटात, टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाला चिकटून, मोठ्या आरशाच्या किंवा फिश टँकच्या शेजारी असलेला राउटर अर्धा आंधळा असतो: धातू आणि आरशाचा लेप लहरी परतवतात, पाणी त्या शोषून घेतं. छातीच्या उंचीवर, उघड्यावर, घराच्या मध्याकडे सरकवल्यावर मागच्या खोलीत १० डेसिबलचा फरक पडणं नवलाचं नाही.

पण डबाच दाराशी असेल तर? डबा हलवून घ्या. हा इलाज सगळ्यात कमी लोक करतात, आणि बऱ्याच फ्लॅटमध्ये तोच पुरतो. हल्लीची घरगुती फायबर वाकण्याला दाद देणारी असते, जी.६५७ए२ प्रकारची तार ७.५ मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळवता येते. नेटवाल्याच्या माणसाला हॉलच्या दारापासून पॅसेजपर्यंत नवी तार टाकून द्यायला सांगा. ती दाराच्या फटीत दाबू नका, खिळ्याने ठोकू नका, आणि हिरव्या कनेक्टरच्या टोकाला बोट लावू नका. काम झाल्यावर डब्यावरचा लाल ‘लॉस’ दिवा लागला, तर तार कुठेतरी दबली आहे किंवा कनेक्टर नीट बसलेला नाही.

चॅनलचं, म्हणजे वायफाय ज्या अरुंद पट्टीवर बोलतं तिचं, थोडक्यात: २.४ गिगाहर्ट्झवर रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि १, ६ किंवा ११ यांतला कमी गर्दीचा चॅनल निवडा. ३ किंवा ८ निवडून दोन्हीकडच्या गर्दीचा त्रास ओढवून घेतला जातो. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ हे गट निर्धास्त. मधल्या ५२ ते १४४ चॅनलांवर राउटरला रडारची चाहूल लागली की तो चॅनल सोडावाच लागतो, आणि अशा नव्या चॅनलवर जाताना निदान एक मिनिट शांत राहून ऐकावं लागतं. सी-बँडची हवामान रडारं याच पट्ट्यात चालतात. मुंबईत वेरावलीला असं एक आहे. ‘५जी नावाचं वायफाय अचानक गायब होतं आणि मिनिटाभराने परत येतं’ अशी तक्रार असेल, तर पहिला संशय यावरच घ्या. ऑटो चॅनल बंद करून ३६ लावा आणि दोन दिवस बघा.

एवढं करूनही आतल्या खोलीत उणे ७५च येत असेल, तर भिंती वरचढ आहेत. आता निवडीचा प्रश्न खरा.

## पॉवरलाइन तारेत काय करतं, आणि खोक्यावरचा आकडा

पॉवरलाइनचा एक अडॅप्टर राउटरजवळ आणि एक दूरच्या खोलीत लागतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ते उंच वारंवारितेचा सिग्नल चढवतात. या अडॅप्टरांचं जुनं मानक होमप्लग एव्ही साधारण २ ते ३० मेगाहर्ट्झच्या दरम्यान बोलतं, एव्ही२ वरच्या बाजूला ८६ मेगाहर्ट्झपर्यंत जातं. जी.एचएन हे पॉवरलाइनचं वेगळं घराणं आहे. त्याचा अडॅप्टर होमप्लगशी बोलत नाही, त्यामुळे जोडी एकाच प्रकारची घ्या.

खोक्यावरचे ६००, १००० किंवा २००० हे कच्च्या सिग्नलचे आदर्श आकडे आहेत. चूकदुरुस्ती आणि नियंत्रणाचा खर्च त्यातूनच जातो, शिवाय जाण्या-येण्याला तार एकच, त्यामुळे एका वेळी एकच बाजू बोलते. प्रत्यक्षात चांगल्या वायरिंगवर चौथा भाग मिळाला तर समाधान माना. आणखी एक पेच म्हणजे ६०० छापलेल्या बऱ्याच स्वस्त अडॅप्टरांचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, म्हणजे कितीही झालं तरी ९५च्या पुढे गाडी जाणार नाही. घेताना ‘गिगाबिट पोर्ट’ हे शब्द शोधा. फोर-के व्हिडिओला २५ एमबीपीएस पुरतात आणि एचडी कॉलला ४, तेव्हा स्थिर ६० मिळाले तरी काम भागतं. स्थिरता मिळते का, ते मात्र वायरिंग ठरवतं.

## फेज, इन्व्हर्टर आणि स्पाइक गार्ड

परदेशी सल्ल्यांत ‘थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा’ एवढं असतं. आपल्याकडे त्याआधी दोन गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली, फेज. रो-हाउस, बंगले आणि मोठ्या फ्लॅटना थ्री-फेज जोडणी असते. डीबीत (घरातल्या सगळ्या सर्किटांचे स्विच असलेली वितरण पेटी) लाल, पिवळी, निळी अशा तीन तारा येतात आणि खोल्या त्यांच्यात वाटल्या जातात. तळमजला एका फेजवर, वरचा दुसऱ्यावर, एसी आणि गिझर तिसऱ्यावर, अशी वाटणी सर्रास दिसते. राउटर खाली आणि काम वर असेल, तर पॉवरलाइनला एका फेजवरून दुसऱ्यावर उडी मारावी लागते. समांतर गेलेल्या तारांमधून थोडा सिग्नल झिरपतो, म्हणून जोडी ‘होते’, दिवा लागतो, आणि वेग ५-१० एमबीपीएसवर लोळतो. वस्तू खराब आहे असं समजून ती बदलून घेतली जाते, आणि दुसरीही तशीच चालते.

दोन्ही खोल्या एकाच फेजवर आहेत का, हे डीबी न उघडताही कळतं. बाहेरून एक फेज जातो तेव्हा घराचा ठरावीक भाग बंद पडतो आणि बाकीचा चालू राहतो. त्या वेळी कोणत्या खोल्यांतले सॉकेट मेले ते लिहून ठेवा. एकत्र बंद पडणाऱ्या खोल्या एका फेजवर. (तेव्हा चेंजओव्हर स्विच फिरवून फेज बदलून घेतला जात असेल, तर फिरवण्याआधी बघा.) वाट बघायची नसेल तर वायरमनला प्रत्येक एमसीबी (डीबीतला सर्किटचा स्विच) कोणत्या फेजवर आहे ते तपासून चिकटपट्टीवर लिहून द्यायला सांगा. डीबीचं झाकण स्वतः उघडू नका. मुख्य स्विच बंद असला तरी त्याच्या मीटरकडच्या टोकाला वीज जिवंत असते. फेज निराळे निघाले तर त्या खोलीचं सर्किट राउटरच्या फेजवर घेता येतं का, ते वायरमनला विचारा. भाराचा तोल बिघडत नसेल तर काम छोटं असतं.

दुसरी गोष्ट इन्व्हर्टरची, आणि ही जास्त घरांना लागू आहे. आपल्याकडे इन्व्हर्टरची वेगळी लाइन बोर्डाबोर्डांत ओढलेली असते: दिवे, पंखे आणि बहुधा एखादा सहा अँपिअरचा सॉकेट तिच्यावर, बाकीचे सॉकेट थेट मेनवर. एक अडॅप्टर इन्व्हर्टर लाइनवर आणि दुसरा मेनवर लागला, तर वीज असताना सिग्नल इन्व्हर्टरच्या आतल्या रिलेतून आणि फिल्टरमधून कसाबसा जातो. वीज गेली की रिले उघडतो, आणि मेनवरचा अडॅप्टर तर मेलेलाच असतो. वीज जाईल तेव्हा एक चार्जर घेऊन प्रत्येक खोलीत फिरा. जे सॉकेट चालू राहतात ते इन्व्हर्टर लाइनवर. दोन्ही अडॅप्टर त्याच लाइनवर लावलेत आणि इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा असेल, तर वीज गेल्यावरही जोडणी टिकू शकते. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मात्र तो चालू होताच तारेत एवढा गोंगाट होतो की वेग कोसळतो.

याच मुद्द्यावर वायफाय बाजी मारतं. राउटर, फायबरचा डबा आणि बरेचसे मेश नोड १२ व्होल्टवर चालतात, म्हणून पुस्तकाएवढ्या मिनी यूपीएसवर दोन-तीन तास निघतात. पॉवरलाइन अडॅप्टरला १२ व्होल्टचं भोकच नसतं, तो २३० व्होल्टमध्येच घुसतो. जिथे आठवड्यातून दोनदा वीज जाते आणि घरातून काम चालतं, पण इन्व्हर्टर नाही, तिथे पॉवरलाइनचा विचार सोडून द्या.

उरला स्पाइक गार्ड. त्याच्या आतला फिल्टर विजेतला उंच वारंवारितेचा गोंगाट गिळतो, आणि त्याच्या लेखी पॉवरलाइनचा सिग्नल हाही गोंगाटच. साधा एक्स्टेन्शन बोर्डही वेग कमी करतो. अडॅप्टर भिंतीवरच्या सॉकेटलाच लावा. पास-थ्रू सॉकेट असलेला अडॅप्टर मिळाला तर तोच घ्या: एक्स्टेन्शन बोर्ड त्याच्या पाठीवर लावता येतो, आणि मधला फिल्टर त्या बोर्डावरच्या चार्जरांचा गोंगाट तारेत येऊ देत नाही. मात्र त्या सॉकेटवर किती अँपिअर लिहिलेत ते वाचून मगच वर हीटर किंवा इस्त्री लावा. प्लगही बघून घ्या. युरोपी गोल दोन पिनांचा अडॅप्टर आपल्या सॉकेटमध्ये सैल बसतो. सैल पिन म्हणजे ठिणग्या, गरम सॉकेट आणि तुटता सिग्नल, तिन्ही एकदम.

## लावायचं कसं आणि मोजायचं कसं

दोन्ही अडॅप्टर आधी एकाच खोलीत, शेजारच्या दोन सॉकेटांवर लावा. एकावरचं ‘पेअर’ बटण सेकंदभर दाबा, मग दोन मिनिटांच्या आत दुसऱ्यावरचं. ही पायरी टाळू नका. कारखान्यातून आलेल्या अडॅप्टरांना तोच सर्वांना माहीत असलेला पासवर्ड असतो, आणि सिग्नल तुमच्या मीटरपाशी थांबेलच असं नाही. सोसायटीत सगळे मीटर एकाच पॅनेलवर असतात. शेजाऱ्याकडेही अशीच जोडी असेल तर दोन घरांची नेटवर्कं एकमेकांना दिसू शकतात. बटणाने जोडी केली की नवा पासवर्ड बसतो.

आता एक लॅपटॉप राउटरला केबलने, दुसरा दूरच्या अडॅप्टरला केबलने जोडा आणि आयपर्फ३ने (दोन संगणकांमधला वेग मोजणारं सॉफ्टवेअर) मधला वेग मोजा; ३० सेकंद, एकदा सरळ आणि एकदा उलट दिशेने. स्पीड टेस्टच्या साइटवर विसंबू नका, त्यात बाहेरच्या लाइनची सरमिसळ होते. शेजारी-शेजारी आलेला आकडा ही त्या जोडीची कमाल. मग दुसरा अडॅप्टर खऱ्या खोलीत नेऊन पुन्हा मोजा, त्या खोलीतला प्रत्येक सॉकेट वापरून. एकाच खोलीतल्या दोन सॉकेटांत दुप्पट फरक पडलेला दिसतो, कारण एक सरळ डीबीतून आलेला असतो आणि दुसरा तीन बोर्ड फिरून. शेवटी पंखे, दिवे, टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन सगळं चालू करून तिसऱ्यांदा मोजा. हा तिसरा आकडाच तुमचा. पहिले दोन विसरा. वस्तू परत करायच्या मुदतीतच हे उरका.

दूरच्या टोकाला जुना राउटर अॅक्सेस पॉइंट (त्या खोलीत फक्त वायफाय पुरवणारं यंत्र) म्हणून लावणार असाल तर त्याचा डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, त्याला १९२.१६८.१.२ असा वेगळा पत्ता द्या, आणि केबल वॅन पोर्टात न घालता लॅन पोर्टात घाला. वायफायचं नाव आणि पासवर्ड मूळ राउटरचेच ठेवा, चॅनल वेगळा. आणि मेश नोडला पॉवरलाइनने जोडलंत, तर तो केबलचा बॅकहॉल (राउटरकडे जाणारी मागची वाट) ओळखतो ना ते आधी तपासा. न ओळखणारा नोड हवेतूनही जोडलेला राहिला, तर नेटवर्कमध्ये वर्तुळ तयार होतं, त्यात संदेश गरगर फिरतात आणि काही सेकंदांत अख्ख्या घराचं नेट बसतं.

## लावून झालं, पण ठरावीक वेळी तुटतं

पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारीत वेळापत्रकच सगळं सांगून जातं.

रोज संध्याकाळी दिवे लागले की वेग पडतो. स्वस्त एलईडी बल्ब, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि काही बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचे) पंखे तारेत गोंगाट सोडतात. पिंग चालू ठेवून एक-एक बटण बंद करत जा. दोषी बल्ब सापडला की तो बदला. पंखा निघाला तर अडॅप्टर वेगळ्या सर्किटवरच्या सॉकेटला न्या. पण बदल करण्याआधी त्याच वेळी राउटरजवळ केबलने मोजून बघा, कारण संध्याकाळी शेजाऱ्यांचं वायफाय आणि नेटवाल्याची लाइनही गजबजते.

वीस मिनिटं बरं, मग काही मिनिटं खराब, पुन्हा बरं. फ्रीजचा कॉम्प्रेसर. पाण्याचा पंप आणि इन्व्हर्टर एसीही याच जातीचे. सकाळी मिनिट-दीड मिनिटच तुटत असेल तर मिक्सर; त्याच्या मोटरच्या ब्रशमधल्या ठिणग्या सगळ्या पट्टीभर गोंगाट करतात. तो एका मिनिटाचा त्रास बहुतेक घरं सोसतात, आणि त्यावर खर्च करायची गरजही नाही.

लॅपटॉप झोपवून उठवला की नेट यायला वेळ लागतो किंवा येतच नाही. लॅन पोर्टवर हालचाल नसली की अडॅप्टरही काही मिनिटांनी झोपतो. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर सेव्हिंग बंद करा आणि फर्मवेअर अद्ययावत करा.

दुपारी तुटतं, रात्री नाही, आणि महिना एप्रिल-मे. बहुतेक अडॅप्टर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. नागपूर-चंद्रपूरकडे बाहेर ४५ अंश असताना, पडद्यामागच्या किंवा टीव्ही युनिटच्या आतल्या सॉकेटवर ती मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. हात लावून बघा. सोसवणार नाही इतका तापला असेल तर उघड्यावरच्या सॉकेटला हलवा.

वळवाच्या पावसानंतर अडॅप्टर मेला. विजांच्या कडकडाटातला झटका. स्पाइक गार्ड लावता येत नाही, त्यामुळे एक तर गडगडाट सुरू झाला की अडॅप्टर आणि त्याची लॅन केबल दोन्ही काढून ठेवा, नाहीतर डीबीत टाइप २ एसपीडी (विजेचा झटका जमिनीत उतरवणारं उपकरण) बसवून घ्या. त्याला घराचं अर्थिंग धड असावं लागतं.

जोडी मध्येच विसरते आणि पेअरचा दिवा विझलेला असतो. दोन्हीवरचं बटण दहा सेकंद दाबून जुनी ओळख पुसा आणि शेजारी-शेजारी ठेवून नव्याने जोडा. तरी आठवडाभरात तेच झालं तर सॉकेट सैल आहे.

घरात कुणी शॉर्टवेव्ह रेडिओ ऐकत असेल, तर पॉवरलाइनमुळे त्यांची स्टेशनं खरखरीत बुडू शकतात. हॅम रेडिओच्या पट्ट्या अडॅप्टर वगळतात, बाकीच्या नाही. त्यांना आधी विचारा.

## कोणत्या घरात काय

गंमत अशी की पॉवरलाइन जुन्या घरात जास्त शोभतं. कोकणातली आणि गोव्यातली चिऱ्याची घरं, वाड्यांच्या दीड-दोन फुटी भिंती, दगडी बांधकामं: इथे ५ गिगाहर्ट्झ दुसऱ्या भिंतीपाशी संपतं, मेशचे नोड एकमेकांनाच नीट ऐकू येत नाहीत. पण याच घरांत बहुधा सिंगल फेज असतो, सर्किटं मोजकी आणि तारांची लांबी कमी. अर्थिंग नसलं तरी साध्या जोडीचं काम फेज आणि न्यूट्रलवर भागतं. मात्र अर्थची तारही वापरणाऱ्या २००० वर्गाच्या महाग अडॅप्टरवर पैसे घालवू नका. त्या घरांचा कच्चा दुवा म्हणजे पिळून टेप लावलेले जुने जोड. ते वायरमनकडून पक्के करून घ्या. हे काम नेटसाठी नाही तरी आगीच्या भीतीसाठी करायलाच हवं.

नवं थ्री-फेज रो-हाउस, प्रत्येक खोलीत बीएलडीसी पंखा, एलईडी पॅनेल आणि इन्व्हर्टर लाइन, हे पॉवरलाइनसाठी सगळ्यात वाईट घर. इथे मेश घ्या. पण जिथे सिग्नलच पोचत नाही त्या खोलीत नोड ठेवू नका. राउटरचा सिग्नल उणे ६०-६५ येतो अशा अर्ध्या वाटेवर, जिन्याच्या वळणावर ठेवा. दुहेरी बँडचा नोड एकाच रेडिओवर राउटरकडून नेट आणतो आणि त्याच रेडिओवर पुढे देतो, म्हणून वेग निम्म्याच्या आसपास येतो. तिहेरी बँडचा नोड मागच्या वाटेला स्वतंत्र रेडिओ देतो. मिनी यूपीएसवर लावणार असाल तर नोडवर लिहिलेला अँपिअर यूपीएसच्या आकड्याच्या आत हवा, नाहीतर वीज गेल्याबरोबर नोड रीस्टार्ट होत बसतो.

दोन-तीन बेडरूमच्या साध्या फ्लॅटला डबा मध्यावर आणणं आणि गरज पडली तर एक केबल, एवढं पुरतं.

## एक केबल टाकता येत असेल तर

बोर्डाबोर्डांतून नेट नेण्याच्या सगळ्या खटाटोपापेक्षा एक कॅट ६ केबल वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते, आणि तिची वाट अनेक फ्लॅटमध्ये आधीच भिंतीत पडून आहे: लँडलाइन टेलिफोनचा पाइप. हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये फोनचे बंद पडलेले सॉकेट दिसत असतील तर त्यांचे झाकण काढा. जुनी फोनची तार हलकेच ओढून बघा. एका टोकाला ओढल्यावर दुसरं टोक हललं, तर तिलाच नवी केबल टेपने घट्ट बांधून सावकाश ओढून घ्या. अडकली तर वायरमनची स्प्रिंग घालावी लागेल. नव्या केबलला आरजे-४५ कनेक्टर (लॅन केबलच्या टोकाचा प्लग) आधी लावू नका, पाइपच्या वळणात तो अडतो. विजेच्या पाइपातून ही केबल कधीही नेऊ नका.

केबल अस्सल तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण ओढताना तुटते. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-चॉकलेटी, चॉकलेटी. क्रिम्पिंग (कनेक्टर तारांवर दाबून बसवणं) झाल्यावर लॅपटॉपमध्ये लिंकचा वेग बघा. १००० दिसायला हवा. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात, त्यामुळे गिगाबिट पोर्ट असूनही १०० दिसला तर निळ्या किंवा चॉकलेटी जोडीतली एखादी तार पिनपर्यंत पोचलेली नाही, असं समजा. ते टोक कापून पुन्हा क्रिम्प करा. म्हणून सॉकेटच्या डबीत दोन्हीकडे वीतभर केबल जादा सोडलेली बरी.